थेंब आपल्या बाजूला

१२ जानेवारी

चि. सौ. बेबी हिस,
अ. उ. आ.

आशीर्वाद वाचून नाक मुरडू नकोस. वयाने तू थोडी मोठी असलीस तरी नात्याने मी तुझी वहिनी आहे, आणि एवढाच काय तो माझा मोठेपणा.

इतके दिवस पत्र नाही याबद्दल आधी माफी मागते. कारणं मनात जुळवून ठेवली होती, पण ती कागदावर उतरवायला बसले तर सगळीच लंगडी निघाली. खरं कारण सांगायचं तर हसशील. आमच्या बाथरूमचा रंग.

दारातून शिरल्यावर समोरची, खिडकीची भिंत तुला आठवत असेल. तिथे आधी रंगाला फुगे आले. मग फुगे फुटून पोपडे धरले आणि त्याखाली काळे ठिपके दिसायला लागले. अंघोळ करून बाहेर यावं तर ओल्या पाठीला एखादा तुकडा चिकटलेला असतोच. परवा छापखान्यात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्या मानेवरून पिस्ता रंगाचा एक टवका अलगद उचलला आणि प्रुफावर ठेवला. मला मात्र दिवसभर आपण घर अंगावर घालून आलोय असं वाटत राहिलं.

तुझ्या दादाने छताकडे एकदा पाहिलं आणि निदान करून टाकलं. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचा नळ गळतोय म्हणे. बिचारे मास्तर निवृत्त, एकटे, भूमिती शिकवलेले. त्यांनी भांडण नको म्हणून स्वतःच्या बाथरूमची फरशी उखडून घेतली. खाली सगळं कोरडं ठणठणीत. तेव्हापासून जिन्यात भेटले की ते कठड्याकडे बघून वर जातात, आणि दादा म्हणतो, पाणी पुढे सरकलं असणार. पाण्याला याच्याइतकं कामाला लावणारा माणूस मी पाहिला नाही. मध्यंतरी रंगारी येऊन भिंतीवर जाड तेलरंग फासून गेला. तो तर आधीच्यापेक्षा मोठे पापुद्रे घेऊन निघाला.

म्हणून आता मीच हातात घेतलंय. छापखान्यात घरदुरुस्तीच्या एका पुस्तिकेची प्रुफं माझ्याकडे आली होती, त्यामुळे निदान चुका कुठे होतात ते ठाऊक आहे. सगळं सुटलेलं खरवडून काढायचं, बुरशी धुवायची, भिंत पुरती वाळू द्यायची, आणि मगच पुट्टी, प्रायमर, रंग. लोक वाळायला वेळ देत नाहीत, तिथे फसतात. मुलं वसतिगृहात आहेत. या काळात दादा व्यायामशाळेत अंघोळ उरकेल, मी मागच्या मोरीत भागवीन. प्रश्न आईंचा आहे. त्यांच्या गुडघ्यांना मोरी झेपायची नाही. तेवढे दिवस त्यांना तुझ्याकडे नेशील का?

आणखी एक. आईंना हे कामच नकोय. बोट फिरवून धूळ तपासणाऱ्या बाई त्या, आणि म्हणतात, असू दे, बाथरूम बघायला कोण येतंय. त्यांचं वय झालं म्हणून हे असं, की मी उगाच डोक्यात घेतलंय, ते ठरत नाही. फोनवर बोलले असते, पण फोन त्यांच्या खुर्चीपाशी, आणि तू फोनवर गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखी बोलतेस.

पत्र सावकाश लिही, पण लिही. लोभ आहेच, तो धुऊन पुसून ठेव.

तुझी,
वहिनी


२१ जानेवारी

ती. सौ. वहिनीसाहेबांना,
सा. न. वि. वि.

नमस्कार खाली वाकून केलाय, कंबर धरली तर औषध तू पाठव.

आईला नेशील का, हे काय विचारणं झालं? तुझं पत्र आलं तेव्हा दुकानात एक नवराबायको गादीवर आडवे पडून भांडत होते. त्याला टणक हवी, तिला मऊ. मी त्यांना तसंच पडू दिलं आणि पत्र दोनदा वाचलं. ह्यांना सांगितलं, तर लागलीच तयारीला लागले. मागच्या खोलीत आईसाठी नवी गादी आणून टाकली आहे. दुकानातली सगळ्यांत जाड, पांढरीशुभ्र, कारखान्यातून परवाच आलेली. वरचं प्लास्टिकसुद्धा काढून टाकलं, सासूबाईंना झोपताना कर्रकर्र आवाज नको म्हणून. गिऱ्हाइकाला दाखवायलाही ती देत नाहीत. मी सहज टेकले तर मला उठवलं.

परवा फोनवर हे सगळं आईला सांगितलं. म्हटलं, तुझ्यासाठी राणीची गादी मांडली आहे, त्यावर अजून कुणी पाठ टेकलेली नाही. ती हूं म्हणाली. लाजली असेल.

दादाला सांग, पाणी पुढे सरकलं असेल तर ते इकडे आमच्या गावाकडे येत असावं, मी बादली लावून बसते. आणि मास्तरांची माफी मागायला त्याला तू पाठव. आपल्या घरात माफी मागायचं खातं तुझ्याकडे आहे हे खरं, पण हे काम त्याचं.

पहिल्या तारखेला गाडी पाठवते. आईची शाल आणि चष्मा विसरू नकोस.

लोभ वाढवायला जागा उरली नसेल तर आहे तेवढा राहू दे.

तुझी नणंद,
बेबी


४ फेब्रुवारी

वहिनी,
सा. न.

उत्तराची वाट न बघता लिहिते आहे, आणि आज थट्टेला जीव नाही.

गाडी रिकामी परत आली. ड्रायव्हरने सांगितलं, आजी दारापर्यंत आल्या, बरं वाटत नाही म्हणाल्या आणि आत गेल्या. मी फोन केला तर म्हणाली, मी इथेच बरी आहे. का, विचारलं. पुन्हा तेच. अगं, ही तीच आई ना, जी माझ्याकडे यायचं म्हटलं की आठवडाभर आधी पिशवी भरून दाराशी ठेवायची?

मग मला मागचा उन्हाळा आठवला. महिनाभर राहायला आली होती आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घ्यायच्या आधी कपडे करून बसली. घरी जायचं. कशावरून बिनसलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. ह्यांनी काही म्हटलं नव्हतं, मुलांनी नाही, मी तर नाहीच. एवढी घाई की माझी एक निळी चादरसुद्धा तिच्या सामानातून चुकून गेली. तेव्हा मी गप्प बसले. आता दुसऱ्यांदा.

वहिनी, आपण कॉलेजात एका बाकावर बसायचो, म्हणून स्पष्ट विचारते. तू तिला माझ्याबद्दल काही बोलली आहेस का? की तिला पाठवायचं असं तू पत्रात लिहितेस आणि घरात तिला राहा म्हणतेस? बाथरूमचं काम आहे ना खरंच? हे लिहिताना मला माझीच लाज वाटते आहे, पण न लिहिता आत ठेवलं तर जास्त सडेल. ह्यांनी ती गादी आज परत झाकून ठेवली. मला ते बघवलं नाही.

ती माझ्याकडे पुन्हा कधी येणारच नसेल, तर तसं मला कुणीतरी सांगा.

बेबी


९ फेब्रुवारी

चि. सौ. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राचा राग आला नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. आला. दिवसभर पुरला. प्रुफं तपासताना मी एकाच ओळीवर तीनदा आले. मग संध्याकाळी वाटलं, तुझ्या जागी मी असते तर याहून वाईट लिहिलं असतं, आणि तेही गोड शब्दांत.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मी आईंना तुझ्याबद्दल काही बोललेले नाही. राहा म्हणालेले नाही. बाथरूमचं काम खरंच आहे, नखांत पिस्ता रंग भरलाय.

आता त्या भिंतीबद्दल. त्या पुस्तिकेत एक युक्ती होती. जाड प्लास्टिकचा चौकोन कापून चिकटपट्टीने चारी बाजूंनी भिंतीवर बंद करायचा. एक-दोन दिवसांनी प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडे, पाणी साठलं तर ओल भिंतीतून येतेय. थेंब खोलीच्या बाजूने धरले तर ओल खोलीतली आहे, आपणच केलेली. मी तसा चौकोन लावला. दादा येता-जाता त्याच्याकडे मास्तरांचा गुन्हा सिद्ध व्हायची वाट बघत असल्यासारखा बघायचा. थेंब आपल्या बाजूला निघाले. मागची बाजू कोरडी.

मला पटेना. सकाळी तीन अंघोळी होतात, त्यांची वाफ दुपारपर्यंत टिकते कशी? मागच्या मंगळवारी छापखान्यातलं यंत्र बिघडलं आणि आम्हाला दुपारीच सोडलं. घरी आले तेव्हा आई हॉलमधल्या खुर्चीत डुलक्या घेत होत्या. बाथरूमचं दार बंद होतं, आतून घुरघुर ऐकू येत होती. दार उघडलं. आत खोली गरम करायचा हीटर चालू, खिडकीची फट वर्तमानपत्राने बुजवलेली, आरसा धुक्यासारखा पांढरा, आणि भिंतीवरून पाण्याचे ओघळ. ओल्या जागी विजेचा हीटर! बटण बंद केलं, दार होतं तसं लावलं, आणि बाहेर पडून नेहमीच्या वेळेपर्यंत बागेतल्या बाकावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी वायर झिजलीय असं सांगून हीटर दादाबरोबर दुरुस्तीला पाठवून दिला. वायर धड होती. हे खोटं मी आईंशी पहिल्यांदा बोलले असं वाटतं, पण खात्रीने सांगू शकत नाही.

त्या बाथरूममध्ये मी आणखी एक गोष्ट पाहिली. त्यावरून मला कळलं की आई तुझ्याकडे का येत नाहीत. बेबी, कारण तू नाहीस. जावई नाहीत, मुलं नाहीत, तुमच्या घरातलं कुणी नाही. एक ओळ लिहिली की तुझा संशय फिटतो आणि मी सुटते. ती ओळ दोनदा लिहिली, कागद दोनदा फाडला. ज्या गोष्टीसाठी आई एवढा आटापिटा करतात, ती माझ्या सुटकेसाठी मी कशी वापरू? उलट असंही वाटतं, की मी हे सगळं तत्त्वाचं सोंग आणून लिहितेय आणि खरं म्हणजे आईंसमोर तो विषय काढायचा धीर मला नाही. दोन्ही खरं असेल.

थोडा वेळ दे. एक विनंती मात्र आहे. फोनवर त्या गादीबद्दल पुन्हा बोलू नकोस.

रागावलीस तरी लोभाचा धागा तोडू नकोस.

वहिनी


१४ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि. आणि आधी माफी.

तुझं पत्र घेऊन मी दुकानात उघडायच्या वेळेआधीच जाऊन बसले. गादीबद्दल बोलू नकोस, एवढं तू लिहिलंस आणि मी इतकी वर्षं गाद्या विकते आहे.

आमच्याकडे काही गिऱ्हाइकं येतात. ती शिरल्या शिरल्या उशा बघतात. मग पडदे. मग दुकान रिकामं झालं की आवाज खाली आणून विचारतात, गादीवर घालायचं पाणी न शिरणारं कव्हर आहे का. कुणीच स्वतःसाठी घेत नाही. सगळ्यांच्या भाच्याला नुकतंच बाळ झालेलं असतं. मी न विचारता मोठं, डबलबेडच्या मापाचं कव्हर बांधून देते आणि बाळाची चौकशी करते. ते खूश, मी खूश. मला वाटायचं, मला किती समजतं.

आणि मी माझ्या आईला फोनवर सांगितलं, की पांढरीशुभ्र आहे आणि अजून कुणी पाठ टेकलेली नाही. वरचं प्लास्टिकही काढलंय.

निळी चादर चुकून गेली नव्हती. मागच्या उन्हाळ्यात त्या तिसऱ्या दिवशी सकाळी तिची गादी उलटून ठेवलेली होती. ह्यांना केवढं कौतुक वाटलं होतं, की सासूबाईंना गादीची निगा कशी राखायची ते ठाऊक आहे, गादी अधूनमधून उलटावी लागते. त्यांनी दोन गिऱ्हाइकांना हे सांगितलंही. त्या गुडघ्यांनी तिने एकटीने ती कशी उलटली असेल?

बरोबर आहे ना मी? तू हो म्हणू नकोस. तू सांगितलं नाहीस, मी ओळखलं, असंच राहू दे. तू बाथरूममध्ये पाहिलीस ती ओली चादर होती का, हेही मी विचारत नाही. गॅलरीतली दोरी सगळ्या इमारतीला दिसते, तिथे ती रोज धुतलेली चादर कशी टाकणार.

वहिनी, मी येते. तिच्याशी बोलते, डॉक्टरांकडे नेते. अगं, यावर औषधं असतात, व्यायाम असतात, कधी नुसता संसर्ग असतो. आई हे एकटीने का भोगते आहे? तुझ्यावर संशय घेतला त्याबद्दल काय म्हणू? समोर असतीस तर दोन गुद्दे घाल म्हटलं असतं. तार केल्यासारखं ताबडतोब लिही, कधी निघू.

तुझीच, तू ठेवलीस तर,
बेबी


२५ फेब्रुवारी

चि. सौ. बेबीस,
अ. उ. आ.

येऊ नकोस. म्हणजे अजून नको. का ते सांगते, आणि आज सगळं लिहायला मोकळी आहे, कारण आईंनीच लिही म्हटलं.

तुझं पत्र आल्यावर मी रोज ठरवायची, आज विषय काढायचा. मनात वाक्यं घोळवायची. मला वाक्यं दुरुस्त करायचीच सवय, त्यामुळे कुठलंच पुरतं सरळ होईना. एकात दया जास्त, एकात डॉक्टरी जास्त. शनिवारी शेवटी पातं घेतलं आणि उरलेली भिंत खरवडायला लागले. फुगलेला भाग असा सुटतो, की उगाच मनाला बरं वाटतं. धड रंगाशी आलं की मात्र पातं अडतं. तिथे थांबायचं आणि कडा काचपेपरने घासून बेमालूम करायच्या. आई दाराशी स्टूल टाकून बसल्या होत्या. इथे राहिलं, तिथे राहिलं, असं सांगत होत्या. काम नको म्हणणाऱ्या त्याच.

घासताना धूळ उडाली आणि मला शिंका सुरू झाल्या. एक, दोन, मग थांबेचनात. बेबी, आता तू हसणार आहेस, हस. धाकट्याच्या बाळंतपणापासून माझंही असं होतं. खोकला, शिंक, जड पिशवी उचलणं. मी कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या दादालाही नाही. डायरीतसुद्धा लिहिलेलं नाही, आणि डायरीत मी काय काय लिहिते ते तुला ठाऊक आहे. चौथ्या शिंकेला मी पातं टाकलं, पाय आवळून भिंतीला टेकले, आणि तरी व्हायचं ते झालंच. आईंच्या समोर. फिकट रंगाची विजार.

आईंनी पाहिलं. मला वाटलं, त्या मान वळवतील. त्या बघत राहिल्या, आणि त्यांनी एकच विचारलं, तुलाही होतं का. मी हो म्हटलं. मग त्या हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, आणि मग म्हणाल्या, मला हसवू नकोस गं, माझंही होईल. आम्ही दोघी त्या धुळीत डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

नंतर बोलल्या. बोलताना माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघत होत्या. तुझ्या वडिलांच्या जाण्यानंतर वर्षभरात हे सुरू झालं. आधी कधीतरी, मग वारंवार, आता झोपेतही. मी छापखान्यात गेले की चादर धुवायची, बाथरूममध्ये दोरीवर टाकायची, आम्ही यायच्या आत हीटरने वाळवून घडी घालून कपाटात. भिंतीची ही दशा आपल्यामुळे होतेय हे त्यांना पहिल्या फुग्यापासून ठाऊक होतं. मास्तरांची फरशी फुटली त्या दिवशी जेवल्या नव्हत्या म्हणे. मला आठवतं, पोट बिघडलंय म्हणाल्या होत्या.

मी विचारलं, भीती कशाची वाटत होती. मला वाटलं, ओझं व्हायची, असं काहीतरी म्हणतील. त्या म्हणाल्या, तुम्ही लोक माझ्याबद्दल आवाज खाली आणून बोलाल, त्याची. आपण दोघी गेले पंधरा दिवस पत्रांतून दुसरं काय करत होतो? म्हणून मी सांगून टाकलं, की बेबीने ओळखलंय, आणि कसं ओळखलं तेही. त्यांनी स्टुलाच्या कडेवरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाल्या, गादी उलटताना माझी कंबर आठ दिवस धरली होती, ते जावयांना कळवू नका.

डॉक्टरांचं मात्र नाव काढू देत नाहीत. बेबीला येऊ दे, पण मला ओढून न्यायला नको, असा निरोप आहे. मला म्हणाल्या, तुझ्यापाशी बोलले कारण तूही तशीच निघालीस. परक्या माणसासमोर बसून हे शब्द तोंडाने काढायचे नाहीत. मी जोर केला नाही. करायला हवा होता का, ते कळत नाही. दोन दिवस झाले, हाच विचार करतेय.

भिंत धुऊन झाली. खिडकी आता दिवसभर उघडी असते आणि पुढच्या आठवड्यात वाफ बाहेर फेकणारा पंखा बसेल. चादर गॅलरीत वाळते. माझीही रोज तिच्या शेजारी टाकते, कुठली कुणाची ते कुणी बघणार नाही. दादाने विचारलं तर रात्री मला घाम येतो असं सांगेन. त्याला कळू नये, ही आईंची अट आहे.

पंधरा दिवस तरी पुट्टीला हात लावायचा नाही. वाट बघायची.

लोभ इकडे पुरेसा आहे, तिकडचा पाठवत राहा.

वहिनी


१ मार्च

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र लिहून फार वर्षं झाली. अक्षर तिरकं जाईल, वाचून घे.

तुझी निळी चादर माझ्या कपाटात आहे. धुऊन इस्त्री केलेली आहे. मागितली असतीस तर काय सांगितलं असतं, ते मी ठरवून ठेवलं होतं, पण तू मागितलीच नाहीस. तुझा स्वभाव बापावर गेलाय. मनात ठेवायचं आणि मग एकदम गाडी पाठवायची.

मी तुझ्यावर रागावलेले नव्हते. तुझ्या घरात मला सुखाने झोप लागली, म्हणून तसं झालं. इथे मी सावध झोपते. हे तुला फोनवर कसं सांगायचं? तू दुकानात, मागून गिऱ्हाइकं बोलतायत.

तू शाळेत जायला लागल्यावरही बरीच वर्षं गादी ओली करायचीस. दादाला कळू दिलं नाही, तुझ्या आजीलाही नाही. पहाटे उठून मीच धुवायचे. तुला आठवत नसेल. म्हणजे मी काम नीट केलं होतं. आता तू जावईबुवांशी तसंच नीट वाग. त्यांना म्हणावं, गादी उत्तम आहे, सासूबाईंना जरा टणक लागते.

येईन की नाही ते आत्ता विचारू नकोस. मलाच ठाऊक नाही. वहिनीवर संशय घेतलास ते मला आवडलं नाही. ती इथे पिठात पडल्यासारखी पांढरी होऊन काम करत होती.

मुलांना पापा.

आई


१६ मार्च

चि. सौ. बेबीस,
अ. उ. आ.

तुझं आईंना आलेलं पत्र त्यांनी मला वाचायला दिलं नाही. वाचून उशीखाली ठेवलं आणि संध्याकाळी पुन्हा काढून वाचलं, एवढं मी पाहिलं. काय लिहिलंस ते मला कळवू नकोस.

भिंत झाली. प्लास्टिकचा चौकोन पुन्हा लावून पाहिला, दोन्ही बाजू कोरड्या निघाल्या, तेव्हाच पुट्टी भरली. प्रायमरचा एक हात, रंगाचे दोन, मध्ये दिवसभराची विश्रांती. रंग आईंनी निवडला, फिकट राखाडी. दुकानदार म्हणाला, त्यावर डाग दिसत नाहीत. आई म्हणाल्या, मग नको, दिसले पाहिजेत, म्हणजे वेळेवर कळतं. शेवटी पांढऱ्याच्या जवळचा घेतला. खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात माझा ब्रश एकदा घसरलाय. तुला दिसणार नाही. मला रोज दिसतो.

दादा परवा मास्तरांकडे जाऊन आला. वाफेमुळे झालं, चूक माझी, एवढं म्हणून परत येणार होता, दोन तासांनी खाली आला. मास्तरांनी म्हणे त्याला फरशीच्या तिरप्या मांडणीतला दोष कागदावर काढून दाखवला. उद्यापासून दोघं मिळून ती पुन्हा बसवणार आहेत. वाफ कशाची, हे त्याने मला विचारलं नाही. रोज दोन चादरी का वाळतात, हे मात्र विचारलं. मी घामाचं सांगितलं. तो काळजीने म्हणाला, मग हलकं पांघरूण घे. आई चहाच्या कपात बघत होत्या.

आता खरी बातमी. आज दुपारी मी ब्रश धूत होते. आई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि विचारलं, तू म्हणालीस ते डॉक्टर बाई आहेत की बुवा. म्हटलं, बाई. त्या रागावतात का? म्हटलं, मला ठाऊक नाही, मीही कधी गेलेले नाही. इतकी वर्षं का नाही गेलीस, असं त्यांनी विचारलं, आणि तुला सांगते बेबी, मला तुझ्या दुकानातल्या त्या उशा बघणाऱ्या गिऱ्हाइकांसारखं वाटलं. मी काहीतरी पुटपुटले, कामाचं, वेळेचं. आईंनी ते ऐकूनच घेतलं नाही. त्या म्हणाल्या, आधी तू जायचंस. तुला आत काय विचारलं, काय तपासलं, दुखलं का, ते बाहेर येऊन मला सगळं सांगायचं. काही गाळायचं नाही. मग मी ठरवीन आत जायचं की घरी यायचं. आणि त्या बाई पटल्या तर त्यानंतर बेबीकडे कधी जायचं ते बघू. शब्द देत नाही, असंही दोनदा म्हणाल्या.

मला परक्या माणसासमोर बसून ते शब्द उच्चारायचे आहेत, आणि मी आत्तापासून मनात वाक्यं दुरुस्त करतेय. आईंना मी तुझंच वाक्य केवढ्या सहज ऐकवलं होतं, औषधं असतात, व्यायाम असतात.

लोभ असाच, रोजच्या वापरातला असू दे.

तुझी,
वहिनी

उद्या: डॉक्टर बाईंच्या दोन वेळा घेणे, लागोपाठच्या. पहिली माझी.